कॅलिफोर्नियाच्या हायस्कूलमध्ये फिलिपिनो इतिहास शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: ईस्ट बे (सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचा पूर्वेचा भाग) मधल्या एका पब्लिक हायस्कूलात सोशल स्टडीज शिकवणाऱ्या एका मराठी शिक्षिकेला यंदा अकरावीच्या यूएस हिस्टरीत फिलिपिनो अमेरिकन इतिहासाचं तीन आठवड्यांचं युनिट करायला सांगितलंय, आणि जमलं तर पुढच्या वर्षी त्याचंच अख्खं इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय. वर्गात साधारण एक तृतीयांश पोरं फिलिपिनो, बाकी मेक्सिकन, चिनी, आणि आपली देसी. त्या विचारतायत की सुरुवात कुठून करू, संस्कृती किती आणि इतिहास किती, आणि मी स्वतः फिलिपिनो नाही तर हे मी शिकवलेलं बरं दिसेल का.

मी ह्याच भागात बरीच वर्षं हेच शिकवतेय, म्हणून जरा लांबण लागली तरी सगळं लिहिते.

आधी सुरुवातीचं. शाळेत कुणी "फिलिपिनो कल्चर" म्हटलं की लगेच लुंपिया (तळलेले रोल), पान्सित (नूडल्स), टिनिकलिंग नाचाचे बांबू आणि ऑक्टोबरातला एखादा पॉटलक, एवढंच डोळ्यासमोर येतं. ते सगळं करा, पोरांना आवडतं आणि आया उत्साहाने ट्रे भरभरून पाठवतात, पण युनिटची सुरुवात त्याने करू नका. कारण तुमच्या वर्गातल्या फिलिपिनो मुलांना लुंपिया काय असतं ते तुमच्यापेक्षा चांगलं माहितीये, त्यांना जे माहीत नसतं ते हे की आपण इथे कसे आलो, आजोबा नेव्हीतच का गेले, आई नर्सच का झाली, आणि आपल्याआधी इथे येऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना बायका-पोरं का नव्हती. ह्या "का" चं उत्तर बहुतेक वेळा कुठल्यातरी कायद्यात आणि कुठल्यातरी कामात सापडतं. माझं सगळं शिकवणं ह्या एका गोष्टीभोवती आहे, कायदा आणि काम आधी, आणि संस्कृती त्यातून जिथे आपोआप वर येते तिथे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. मी पहिल्या आठवड्यात बोर्डवर एक माणूस उभा करते. काल्पनिक माणूस, हे पोरांना आधीच स्पष्ट सांगायचं, पण त्याच्या आयुष्यातल्या तारखा सगळ्या खऱ्या. १९१० साली लुझोनच्या उत्तरेला इलोकोसमध्ये जन्मला, १९२९ ला एकोणीस वर्षांचा असताना बोटीने कॅलिफोर्नियाला आला. त्याला नाव पोरं देतात. मग बोर्डवर डावीकडे साल, त्यापुढे त्याचं वय, त्यापुढे चार प्रश्न: आता तो नागरिक होऊ शकतो का, त्याच्या मनातल्या बाईशी लग्न करू शकतो का, गावाकडून कुणाला आणू शकतो का, आणि तो कुठे काम करतोय. प्रत्येक सालासाठी एका गटाला एक कागद द्यायचा, कायद्याचा उतारा किंवा पेपरातलं कात्रण किंवा फोटो, आणि उत्तरं त्यांनीच भरायची.

१९२९ ला तो अमेरिकेचा "नॅशनल" आहे, म्हणजे परका नाही पण नागरिकही नाही. हे पोरांच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो, कारण १८९८ मध्ये स्पेनने दोन कोटी डॉलरला फिलिपिन्स अमेरिकेला दिलं हे बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं. म्हणून इथे एक दिवस थांबायचं. १२ जून १८९८ ला कावितमध्ये क्रांतिकारकांचा नेता आगिनाल्दोने स्वातंत्र्य जाहीर केलेलं, त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसच्या तहात देश दुसऱ्याच्या हाती गेला, आणि ४ फेब्रुवारी १८९९ ला मनिलात फिलिपिनो आणि अमेरिकन सैन्यात युद्ध पेटलं. आपल्या यूएस हिस्टरीच्या पाठ्यपुस्तकात स्पॅनिश-अमेरिकन युद्धाला पानंच्या पानं आणि ह्या युद्धाला जेमतेम एक परिच्छेद असतो, ते दोन्ही पोरांपुढे शेजारी शेजारी ठेवा, ती स्वतःच बोलायला लागतात. १९०१ मध्ये थॉमस नावाच्या जहाजातून शेकडो अमेरिकन शिक्षक तिकडे गेले आणि शाळा इंग्रजीत सुरू झाल्या, त्याच शाळांत शिकून आपला बोर्डवरचा माणूस इंग्रजी बोलत आला. इंग्रजांनी आपल्याकडे काय केलं ते घरी ऐकलेल्या देसी पोरांना हे लगेच उमगतं, त्यांना बोलू द्या.

मग १९३०, वय वीस. वॉटसनव्हिलची दंगल. जानेवारीत गोऱ्यांच्या टोळ्या कित्येक दिवस फिलिपिनो मजुरांना शोधून मारत होत्या, फर्मिन तोबेरा नावाचा तरुण मजूर बंकहाऊसमध्ये गोळी लागून मेला. वॉटसनव्हिल म्हणजे आमच्या शाळेपासून दीड-दोन तासांवर, पोरं स्ट्रॉबेरीच्या बॉक्सवर ते नाव रोज बघतात. त्याच सुमाराचा स्टॉकटनच्या हॉटेलच्या दाराचा एक फोटो आहे, फिलिपिनोंना सक्त मनाई असल्याची पाटी असलेला, तो ह्याच गटाला द्यायचा.

१९३३, वय तेवीस. कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने एका फिलिपिनो माणसाला गोऱ्या बाईशी लग्न करायला परवानगी दिली, कारण कायद्यातल्या यादीत "मलय" हा शब्द नव्हता, तर विधिमंडळाने लगोलग कायदाच बदलून तो शब्द घातला. तेव्हा फिलिपिन्सहून आलेल्यांत बायका अगदीच थोड्या होत्या, मजूर म्हणून तरुण पोरगेच आलेले, त्यामुळे ह्या एका शब्दाने हजारो माणसांची लग्नं अडली. १९३४, वय चोवीस. टायडिंग्ज-मॅकडफी कायदा. फिलिपिन्सला दहा वर्षांनी स्वातंत्र्य देऊ असं वचन, आणि त्याच कायद्यात अमेरिकेत यायचा कोटा वर्षाला ५० माणसं. पन्नास! पोरांना सांगा आजूबाजूला बघा, तुमच्या दोन वर्गांत ह्यापेक्षा जास्त माणसं आहेत. आणि आपला बोर्डवरचा माणूस एका रात्रीत नॅशनलचा "एलियन" झाला. पुढच्या वर्षी सरकारने परत जायचं भाडं फुकट देऊ केलं, पण एकदा गेलात की परत यायचं ते त्या पन्नासातूनच. फार थोडे गेले. का गेले नसतील ह्यावर एक पान लिहायला द्या, माझ्याकडची सगळ्यात चांगली लिखाणं ह्याच प्रश्नावर आलीयत.

१९४२, वय बत्तीस, फर्स्ट फिलिपिनो इन्फंट्री, अमेरिकन सैन्यातली फिलिपिनोंची पलटण. एलियन असलेली माणसं अमेरिकेच्या गणवेशात, आणि १९४३ मध्ये कॅम्प बील इथे शेकडो सैनिकांना रांगेत उभं करून एकदम नागरिकत्वाची शपथ दिली.

आणि मग १९४६. इथे तुमच्या देसी मुलांना पुढे बसवा. २ जुलै १९४६ ला ट्रूमनने लूस-सेलर कायद्यावर सही केली, आणि भारतीय आणि फिलिपिनो अशा दोघांना एकाच कायद्याने नागरिक होण्याचा हक्क मिळाला, कोटा दोघांनाही वर्षाला १००. दोन दिवसांनी, ४ जुलैला, फिलिपिन्स स्वतंत्र झालं. म्हणजे आज फ्रीमाँटमध्ये घर घेऊन मतदान करणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबाचा नागरिकत्वाचा कागद आणि डेली सिटीतल्या फिलिपिनो कुटुंबाचा कागद एकाच कायद्यातून सुरू होतो. आपल्या लोकांना हे माहीतच नसतं, आपण समजतो आपला इथला इतिहास १९६५ नंतरच्या इंजिनियरांपासून सुरू होतो. तुम्ही विचारलंत ना, मी फिलिपिनो नाही तर बरं दिसेल का, त्याचं अर्धं उत्तर ह्यातच आहे. तुम्ही पाहुण्याच्या घरात घुसत नाही आहात, ह्या गोष्टीत आपणही आहोत.

उरलेलं अर्धं उत्तर असं की जे तुमच्या अनुभवातलं नाही ते तुम्ही सांगू नका, ते सांगणारी माणसं वर्गात आणा. नेव्हीतून रिटायर झालेले आजोबा, काउंटी हॉस्पिटलातली नर्स, केअर होम चालवणारी मावशी, ही माणसं प्रत्येक शाळेच्या दोन मैलांत सापडतात. त्यांना "तुमची संस्कृती सांगा" म्हणून बोलवू नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं आणि ते मग नाचाचा व्हिडिओ घेऊन येतात. "तुमची पहिली नोकरी कशी लागली" हे विचारा. १९४७ च्या लष्करी तळांच्या करारानंतर अमेरिकन नेव्ही फिलिपिन्समधून भरती करायची, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्या तरुणांना बहुतेक करून स्टुअर्डच व्हावं लागायचं, अधिकाऱ्यांची जेवणं आणि खोल्या बघायच्या. हे एखाद्या आजोबांच्या तोंडून ऐकताना त्यांच्याच नातवाचा चेहरा बघा. त्याने ते घरी कधी ऐकलेलं नसतं.

परत बोर्डवर. १९४८, वय अडतीस, कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने पेरेझ विरुद्ध शार्प खटल्यात ती लग्नबंदी मोडीत काढली. आता तो लग्न करू शकतो. पण शेतावरून शेतावर हिंडणारा, मेसच्या खोलीत राहणारा चाळिशीला टेकलेला माणूस, कुणाशी करणार.

१९६५, वय पंचावन्न. ह्या तक्त्याचा जीव इथे आहे, इथे घाई करू नका. शाळेत सगळ्यांना शेतमजुरांचा मेक्सिकन-अमेरिकन नेता सीझर चावेझ माहिती असतो, द्राक्षांचा संप म्हणजे चावेझ एवढं सरळ समीकरण. पण ७ सप्टेंबर १९६५ च्या रात्री डेलानो ह्या कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांच्या गावी फिलिपिनो कम्युनिटी हॉलमध्ये हात वर करून संपाचा निर्णय घेतला तो फिलिपिनो मजुरांनी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यावर न जाता कॅम्पमध्ये (मजुरांच्या राहायच्या जागेत) बसून राहिले तेही तेच. लॅरी इटलिओंग, फिलिप वेरा क्रूझ, पीट वेलास्को, अँडी इमुतान, ही नावं. मागणी तासाला १ डॉलर ४० सेंट आणि पेटीमागे २५ सेंट. त्याच वर्षी कोचेलाच्या मळ्यांमध्ये त्यांना १.४० मिळालेले, उत्तरेला डेलानोत आल्यावर मालक त्याहून कमी देत होते, म्हणजे मागणी काही आकाशातली नव्हती. मालकांनी कॅम्पचं पाणी, गॅस, वीज तोडली. संप मोडायला मेक्सिकन मजूर आणायचे, आणि मेक्सिकन संपाला फिलिपिनो, हा त्यांचा जुनाच डाव होता. म्हणून इटलिओंग चावेझकडे गेला की तुम्हीही या. १६ सप्टेंबरला चावेझच्या संघटनेने मतदान करून हो म्हटलं. पुढच्या वर्षी फिलिपिनो मजुरांची आणि चावेझची अशा दोन्ही संघटना एक झाल्या आणि १९७० च्या जुलैत डेलानोच्या मोठ्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या.

आता तक्त्याकडे बघून एकच प्रश्न विचारा: हे सगळे संपकरी इतके म्हातारे का, आणि एकटे का? उत्तर पोरांनी स्वतःच बोर्डवर लिहिलेलं असतं. १९३३, १९३४, १९३५. वर्ग इथे गप्प होतो, होऊ द्या, लगेच पुढची स्लाईड लावू नका. हीच माणसं, घरी वाट बघणारं कुणी नाही, पेन्शन नाही, म्हणूनच पंचावन्न-साठाव्या वर्षी पुढे पाऊल टाकायला तयार झाली असतील का, ह्यावर वाद होऊ द्या, माझ्या वर्गात दोन्ही बाजूंनी चांगलं बोललं जातं.

आणि इथे तुमची संस्कृती येते बघा. संपाचं स्वयंपाकघर त्याच फिलिपिनो हॉलमध्ये होतं, मेक्सिकन आणि फिलिपिनो संपकरी एका छताखाली एकत्र जेवायचे. आता पॉटलक करा! आता त्या ट्रेमधल्या भातामागे काय आहे ते वर्गातल्या प्रत्येक पोराला माहिती असतं, मेक्सिकन पोरांनाही. ती पोरं ह्या युनिटमध्ये बाहेरची राहतच नाहीत, आणि पब्लिक शाळेत हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपण रविवारची मराठी शाळा चालवत नाही, जिथे सगळी आपलीच मुलं असतात.

१९७४ ला डेलानोत ह्या म्हाताऱ्या मजुरांसाठी आगबायानी व्हिलेज उभं राहिलं, पिकेट लाइनवर (संपकऱ्यांच्या पहाऱ्यावर) असताना हार्ट अटॅकने गेलेल्या पाउलो आगबायानीच्या नावाने. १९७७, वय सदुसष्ट: ४ ऑगस्टच्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत कर्नी स्ट्रीटवरच्या इंटरनॅशनल हॉटेलमधून अशाच म्हाताऱ्यांना पोलिसांनी बाहेर काढलं, हजारो लोक हातात हात घालून रस्ता अडवून उभे होते तरी. तक्ता इथे संपतो.

नायकांबद्दल एक सांगते. इटलिओंग आणि वेरा क्रूझला पुतळे करू नका. इटलिओंग १९७१ मध्येच युनियनमधून बाहेर पडला. वेरा क्रूझने १९७७ मध्ये राजीनामा दिला, चावेझ हुकूमशहा मार्कोसच्या फिलिपिन्सला भेट देऊन आला म्हणून. तिकडे तेव्हा मार्शल लॉ होता. पोरांना हे पचतं, मोठ्यांना वाटतं पचणार नाही. उलट माणसं आपसात भांडली, तरी काम झालं, हे त्यांना जास्त खरं वाटतं.

मार्कोसचा विषय निघाला म्हणून सांगते, तिथे जपून. तुमच्या वर्गात इलोकोसकडची घरं असतील जिथे मार्कोसला अजून मानतात, आणि शेजारच्या बाकावर असं घर असेल जे १९७२ नंतर तुरुंगाच्या भीतीने देश सोडून आलं. २०२२ च्या निवडणुकीत त्याचा मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा दोन मैत्रिणी माझ्या वर्गात एकमेकींशी बोलेनाशा झालेल्या. घरी काय म्हणतात ते वर्गात वदवून घेऊ नका. १९७२ ची मार्शल लॉची घोषणा, १९८६ च्या फेब्रुवारीत मार्कोसची सत्ता उलथवणाऱ्या, मनिलाच्या एडसा रस्त्यावरच्या गर्दीचे फोटो, आणि १९८१ मध्ये सिएटलमध्ये मासळी-कॅनरी मजुरांच्या युनियनचे, मार्कोसविरोधी सिल्मे डोमिंगो आणि जीन व्हिएर्नेस ह्यांचा झालेला खून, ज्याच्या दिवाणी खटल्यात १९८९ मध्ये अमेरिकन ज्युरीने मार्कोस दांपत्याला जबाबदार धरलं, एवढे कागद पुरतात. कागद बोलू देत.

अजून एक, नव्याने आलेली मुलं आणि इथे जन्मलेली मुलं ह्यांना एकाच मापाने धरू नका. नुकत्याच मनिलाहून किंवा इलोइलोहून आलेल्या मुलीला रिझाल, गोमबुरझा, माक्तानचा लापु-लापु हे तिकडचे सगळे राष्ट्रीय वीर आणि हुतात्मे पाठ असतात, पण डेलानो ऐकलेलं नसतं. इथल्या मुलाचं बरोब्बर उलटं, आणि त्यात त्याला भाषा येत नाही म्हणून तो मनातून लाजत असतो. जोड्या लावताना एक तिकडची एक इकडचा अशा लावा आणि दोघांना एकमेकांकडून काहीतरी लागेल असं काम द्या. सगळे टॅगालॉग बोलतात असंही धरू नका, कुणाच्या घरी इलोकानो, कुणाच्या घरी सेबुआनो, आणि मिंदनाओकडची मुसलमान कुटुंबंही असतात, त्यांना प्रत्येक वेळी ख्रिसमसचे परोल (चांदणीचे आकाशकंदील) करायला लावणं बरं नाही.

संस्कृतीसाठी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला धडा म्हणजे बालिकबायान बॉक्स, परदेशातून गावाकडच्या घरी पाठवायचा खोका. तो मोठा पुठ्ठ्याचा खोका जवळजवळ प्रत्येक फिलिपिनो घरात कुठल्यातरी कोपऱ्यात महिनोन्महिने भरत असतो. स्पॅम (डबाबंद डुकराचं मांस), कॉर्न्ड बीफ, साबण, टूथपेस्ट, टॉवेल, चॉकलेट, बूट. एक रिकामा खोका वर्गात आणा आणि प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावायला सांगा: ही वस्तू कुणासाठी, का, आणि तिकडे ती का मिळत नाही, की मिळत असूनही पाठवतात? स्पॅम अमेरिकन सैन्याबरोबर तिकडे कसा गेला हे त्यात येतं, मार्कोसच्या सरकारने १९७३ पासून परदेशातल्यांना घरी यायला सवलती कशा दिल्या ते येतं, आणि नर्स आईने डबल शिफ्ट करून तो खोका कसा भरला तेही. नर्सचा धागा इथून नीट पुढे न्या, १९६५ चा इमिग्रेशन कायदा, ज्याने नर्सेसना इथे यायची वाट मोकळी झाली, आणि मग २०२०. कोविडच्या पहिल्या महिन्यांत नॅशनल नर्सेस युनायटेड ह्या नर्सेसच्या युनियनने मोजलं तेव्हा देशातल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो साधारण ४ टक्के, आणि गेलेल्या नर्सेसमध्ये जवळपास एक तृतीयांश. हा आकडा सांगायच्या आधी वर्गात कुणाच्या घरी असं झालंय का ते काउन्सेलरकडून खाजगीत समजून घ्या. हे विसरू नका.

आता ऑफिसची बाजू, पटकन. कायदा तुमच्या बाजूने आहे: २०१३ च्या एबी १२३ ह्या राज्याच्या कायद्याने शेतमजूर चळवळीतलं फिलिपिनोंचं योगदान कॅलिफोर्नियाच्या सोशल सायन्समध्ये शिकवायचं असं ठरलंय, प्रिन्सिपलपुढे तेच ठेवा. एथनिक स्टडीजच्या ग्रॅज्युएशन अटीवर (एबी १०१, २०२१) फार विसंबू नका, ती राज्याच्या पैशाशी बांधलेली आहे आणि डिस्ट्रिक्ट त्यावरून मागेपुढे करतायत. म्हणून युनिट अकरावीच्या यूएस हिस्टरीत पक्कं रुजवा, तिथून ते कुणी सहज काढू शकत नाही. इलेक्टिव्ह करायचंच असेल तर त्याला यूसीचं (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं) ए-जी अप्रूव्हल, म्हणजे प्रवेशासाठी विषय धरला जाण्याची मान्यता, आधी मिळवा, नाहीतर कॉलेजचा विचार करणारी मुलं आणि विशेषतः त्यांचे पालक त्याकडे फिरकत नाहीत. नमुना म्हणून सॅन फ्रान्सिस्कोतली पिनाय एज्युकेशनल पार्टनरशिप्स बघा, २००१ मध्ये बॅल्बोआ हायस्कूलमध्ये सुरू झाली, सॅन फ्रान्सिस्को स्टेटचे विद्यार्थी हायस्कूलमध्ये येऊन शिकवतात. मूळ कागद आणि मुलाखतींसाठी यूसी डेव्हिसचं फिलिपिनो अमेरिकन कागदांचं वेलगा अर्काइव्ह, आणि एक दिवस बस मिळाली तर स्टॉकटनचं फान्स (फिलिपिनो अमेरिकन नॅशनल हिस्टॉरिकल सोसायटी) म्युझियम. स्टॉकटनला गेलात तर एल डोराडो स्ट्रीटवर पोरांना चालवा आणि लिटल मनिला ही जुनी फिलिपिनो वस्ती कुठे होती, त्यातलं फ्रीवेने काय काय गिळलं ते जागेवर दाखवा.

परीक्षेऐवजी मी एक मुलाखत करायला लावते, घरातल्या किंवा शेजारच्या कुणाही मोठ्या माणसाची, विषय एकच, तुमचं काम. फिलिपिनो असो नसो, सगळ्यांनी करायची. आधी लेखी परवानगी घ्यायची, आणि व्हिसाबद्दल, कागदपत्रांबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही, कुणी आपणहून सांगितलं तरी ते रेकॉर्डिंगमधून काढून टाकायचं. आत्ताच्या दिवसांत ह्यावर अजिबात ढिलाई नको, पहिल्याच दिवशी पालकांना पाठवायच्या पत्रात हे ठळक लिहा, आणि ते पत्र टॅगालॉग, स्पॅनिश आणि चिनीत भाषांतर करून डिस्ट्रिक्टकडून वेळेत मिळावं म्हणून ऑगस्टमध्येच मागणी टाकून ठेवा, सप्टेंबरमध्ये टाकलीत तर युनिट संपल्यावर येतं.